सुपडूनानांच्या नावेचं झाकण

संपादकांचा निरोप आला, "मिस्तरी, इंजिनांच्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हणून बसलो. गमती नाहीत असं नाही. पाचोऱ्याला डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं चालवलं, आता गुडघे बोलायला लागले म्हणून शटर ओढलं. भडगावकडचे एक आबा एकदा विहिरीवरचं इंजिन बैलगाडीत घालून घेऊन आले, वर लिंबू-मिरची बांधलेली. इंजिन चालतं, पण पाणी फेकत नाही, भाऊबंदांची नजर लागली, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या विहिरीवर गेलो, पाणी ओढायचा पाइप वर काढला, तर आत बेडूक अडकलेला. बेडूक काढला, पाणी धो-धो आलं. आबा काही लिंबू सोडू देईनात. म्हणाले, "बेडूक व्हता हाई खरं शे. पन तो बेडूक धाडा कोनी?"

अशा गोष्टींनी दोन अंक भरतील. पण कागद पुढे ओढला की हात दुसरीकडेच जातो. गेल्या वर्षापासून एक झाकण डोक्यात बसलंय. डिझेलच्या टाकीचं, तळहाताएवढं. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येईल असं वाटत नाही. संपादकांनी राग मानू नये.

माझी सासुरवाडी तापीकाठची. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना ते आपोआप कळेल. गाव अलीकडच्या काठाला, बाजार आणि दवाखाना पलीकडच्या. सडकेने जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, म्हणून सगळी ये-जा नावेतून. नाव ग्रामपंचायतीची होती आणि चालवायचे सुपडूनाना. काळासावळा, उंच, कमी बोलणारा माणूस. माझी बायको लहानपणी त्यांच्याच नावेतून मामाकडे जायची. नदीला पाणी कमी असलं की नाना तिला खांद्यावर बसवून पार करायचे. ती त्यांना सख्ख्या काकाच्या जागी मानायची, त्यामुळे मीही त्यांना नानाच म्हणायचो. ते मला "पाव्हना" म्हणायचे.

पूर्वी नाव बांबूवर आणि वल्ह्यावर चालायची. मग पंचायतीने ठरवलं, इंजिन बसवायचं. नवीन कुठून आणणार? माझ्या शालकाच्या, भास्करच्या विहिरीवर मोटर आली होती आणि जुनं पाच हॉर्सचं इंजिन गोठ्यात पडून होतं. ते मी उघडलं, झिजलेले भाग बदलले, लोखंडी चौकटीवर घट्ट आवळून नावेत बसवलं आणि मागे पंखा जोडला. विहिरीवरचं इंजिन नदीत चालवायचं, म्हणजे शेतातल्या बैलाला घोड्याचं खोगीर घालण्यासारखं, पण चाललं झकास. पहिल्या दिवशी काठावर अख्खं गाव जमलं होतं. नारळ कोणी फोडायचा? गावच्या जावयाने. खानदेशात जावई म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. सासऱ्याच्या घरचाच नाही, तो अख्ख्या गावाचा जावई असतो. त्याला पाट, त्याला मान, आणि त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

मी नारळ फोडला. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, तेलात कालवलेला शेंदूर वाटीत पुढे केला. आता लावायचा कुठे? चाक गरगर फिरणारं, डोकं तापणारं, बाकी सगळं तेलकट. टाकीचं झाकण तेवढं सपाट, वरच्या बाजूला, नजरेसमोर. मी अंगठा बुडवला आणि झाकणावर शेंदराचा ठिपका ओढला. लोकांनी हात जोडले, आणि त्या दिवसापासून ते झाकण देव झालं.

इथे थोडं इंजिनाबद्दल सांगावं लागेल. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. त्याला डिझेल लागतं, तेही अखंड धारेने. टाकीतून नळीने डिझेल खाली येतं, पंप त्याला दाबून आत फवारतो. धार तुटली की इंजिन दोन-चार उचक्या देतं आणि बंद पडतं. आणखी एक गोष्ट. किराणा दुकानदार तेलाचा डबा फोडताना एक भोक पाडत नाही, दोन पाडतो. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. हवा आत गेली नाही तर तेल येत नाही. टाकीचंही तसंच. म्हणून झाकणाला मधोमध बारीक भोक असतं, जाड सुई जाईल एवढं. दुकानात आलेल्या प्रत्येक शिकाऊ पोराला मी हे पहिल्या आठवड्यात सांगायचो. आणि त्याच भोकावर माझा अंगठा फिरला होता.

दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी निरोप आला, इंजिन मध्येच बंद पडतंय. मी गेलो. नाना म्हणाले, "काठवर चांगलं चालस. अर्धा तास झाया का नदीना मझारमा बंद पडी जास."

मी हँडल मारलं, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. तासभर चाललं. आम्हा मिस्तरींना याच्यासारखा वैताग नाही. डॉक्टरसमोर पेशंटचा ताप उतरावा तसं होतं. आता कळतं की टाकी भरलेली आहे का ते बघायला मीच झाकण काढून बाकावर ठेवलं होतं. तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही. मी फिल्टर बदलला, नळीच्या जोडांवर नवीन वायसर टाकले, कुठून तरी हवा धरत असेल म्हणालो आणि जेवायला गेलो. जेवताना नाना सहज म्हणाले, "पाव्हना, एक गोट सांगू का? बंद पडनं का मी झाकन उघाडस डिझेल देखाले. तवय इंजिन सुस्कारा टाकस. मंग थोडा टाइमवर सुरू व्हस."

मी हसलो. "इंजिनाला कसलं दुःख आहे, नाना? सासरी नांदतंय का ते?"

सगळे हसले. नानाही हसले. दुखणं काय आहे ते त्या माणसाने शब्दाशब्दांत सांगितलं होतं आणि मी त्याच्यावर विनोद केला. टाकीत हवा जात नव्हती, पोकळी धरत होती. झाकण फिरवलं की बाहेरची हवा आत शिरायची, तोच सुस्कारा. दुकानातल्या पोराने हे सांगितलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. पण नावाडी इंजिनाबद्दल काय सांगणार, ही माझी घमेंड.

पुढच्या खेपेला मी डिझेल फवारणारं नोझल बदलून दिलं आणि सांगितलं, "टाकीत गाळ असेल. दर पंधरा दिवसांनी रॉकेलने टाकी खळखळून धुवा." नाना धुवायला लागले. झाकण मात्र दर वेळी बाजूला, केळीच्या पानावर ठेवायचे. देवाला रॉकेल कसं लावणार? आणि इंजिन बंद पडतंय म्हणजे देव रुसला, असं त्यांनी आणि अक्कांनी आपल्यापुरतं ठरवलं होतं. आधी फक्त शनिवारी शेंदूर लागायचा, आता मंगळवारीही लागू लागला. जितकं इंजिन अडायचं तितका शेंदूर चढायचा, आणि जितका शेंदूर चढायचा तितकं इंजिन अडायचं.

मग तो पावसाळा आला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते, तापी लाल होऊन दोन्ही काठांना लागली होती. नाव भरून निघाली. पलीकडे केळीबागेत कामाला जाणाऱ्या बाया, दोन मास्तर, एक बाळंतीण. मध्यावर इंजिन उचकलं आणि बंद पडलं. नाव वाहत गेली. नाना एकटे बांबू मारत होते, पण त्या पाण्यात बांबूला तळच लागेना. खाली वळणावर बाभळी पाण्यात बुडालेल्या होत्या, नाव त्यांच्यात घुसली आणि अडकली म्हणून माणसं वाचली. काटे सगळ्यांना लागले. एक मास्तर पाण्यात पडले, त्यांना नानांनी केसाला धरून ओढलं. बाळंतिणीच्या हातातलं पोर तेवढं कोरडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं. काठावर पहिल्या दिवसाएवढीच गर्दी होती, पण नारळ नव्हता. लोकांच्या नजरा माझ्यावर होत्या. इंजिन मी बसवलेलं, दोनदा मीच दुरुस्त केलेलं. चार लोकांत माझी कारागिरी पणाला लागली होती. हे लिहायला जड जातं, पण खरं तेच आहे: त्या दिवशी मला दोष शोधायचा नव्हता, तो माझा नाही एवढंच दाखवायचं होतं.

मी इंजिनाला सलाईन लावलं. आम्ही मिस्तरी तसंच म्हणतो. टाकीची नळी काढायची, स्वच्छ डिझेलची बाटली उंच टांगायची आणि तिच्यातून इंजिनाला पाजायचं. अशाने कळतं की दोष इंजिनात आहे की त्याच्या आधी. बाटलीवर इंजिन दोन तास चाललं, एकदाही उचकलं नाही. म्हणजे इंजिन धडधाकट. मग दोष टाकीत. मी टाकीचा खालचा नट सोडला, बोटावर डिझेल घेतलं आणि नाकाला लावलं. रॉकेलचा वास आला.

येणारच. मीच धुवायला सांगितली होती ना. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट चमकली. डिझेल पंचायतीचं, ते नानांच्या ताब्यात. त्या काळी डिझेल विकून त्या जागी रॉकेल ओतणारे काही कमी नव्हते. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "इंजिनात काही दोष नाही. डिझेलमध्ये रॉकेल आहे. आता ते कोणी घातलं ते तुमचं तुम्ही बघा."

काठावरच्या माना नानांकडे वळल्या. नाना माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, पाव्हना, तुम्हीच तर सांगितलं होतं टाकी धुवायला. एवढं एक वाक्य बोलले असते तर मला आठवलं असतं, आणि आठवूनही मी कबूल केलं असतं की नाही ते देव जाणे. ते बोलले नाहीत. त्यांनी खाली वाकून बांबू उचलला, नावेत आडवा ठेवला आणि घरी निघून गेले. खाली मान घालून गेला म्हणजे चोरच, असं लोकांनी धरलं. मीही धरलं.

त्या दिवशी बायको माझ्याशी भांडली. म्हणाली, "नाना एक थेंब घेणार नाहीत. तुमचं काहीतरी चुकतंय." मी म्हणालो, "तुला इंजिनातलं काय कळतं?" ती म्हणाली, "इंजिनातलं नाही कळत, माणसातलं कळतं." मी ताटावरून उठलो.

पंचायतीने नाव काढून घेतली आणि दुसऱ्या एका गड्याला दिली. आणि खरी गंमत, जी संपादकांना हवी होती, ती इथे आहे. त्या गड्याच्या हाती इंजिन एकदाही बंद पडलं नाही. शेंदराने झाकणाचे आटे इतके घट्ट झाले होते की त्याला ते लावायचा-काढायचा कंटाळा यायचा. तो झाकण नुसतं टाकीवर टेकवून ठेवायचा. कडेने हवा जायची आणि इंजिन छान चालायचं. गाव म्हणालं, बघा, चोर गेला आणि इंजिन सुधारलं. मी ही गोष्ट पाचोऱ्याला दुकानात गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगितली. "इंजिन कधी खोटं बोलत नाही," असं म्हणून शेवट करायचो, आणि लोक माना डोलवायचे.

नाना आणि अक्का त्याच दिवाळीनंतर गाव सोडून जळगावला मुलाकडे गेले. पुढे नदीवर पूल झाला. नाव काठावर कुजली, इंजिन पुन्हा भास्करच्या गोठ्यात आलं.

गेल्या वर्षी भास्कर म्हणाला, "भाऊजी, हे भंगारात घालायच्या आधी एकदा चालू करून बघा, चालू इंजिनाला गिऱ्हाईक मिळेल." मलाही हुरूप आला. झाकणावरचा देव सोडून बाकी सगळं दिवसभर बसून साफ केलं, डिझेल भरलं आणि माझ्या हाताच्या सवयीने झाकण पान्हा लावून पक्कं आवळलं. हँडल मारलं. जुना ठेका ऐकून बरं वाटलं. आम्ही चहा घेतला, गप्पा मारत बसलो. बऱ्याच वेळाने इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं.

मी उठलो. डिझेल संपलं का बघावं म्हणून झाकण फिरवलं, आणि इंजिनाने सुस्कारा टाकला.

लांब, बारीक, छातीतून निघावा तसा. मी तिथेच खाटेवर बसलो. भास्कर विचारत होता, "काय झालं, भाऊजी?" झाकण हातात होतं. शेंदराचे थरावर थर, बोटाच्या पेराएवढे, दगडासारखे वाळलेले. खिळ्याने टोकरत गेलो. वरचे थर नानांचे, अक्कांचे. सगळ्यात खाली, लोखंडाला चिकटलेला, माझ्या अंगठ्याचा. त्याच्या खाली भोक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मी नुसता वळसा नव्हता घातला, वाटेत एका माणसाला तुडवून गेलो होतो.

नानांचा पत्ता बायकोकडे होता. ती त्यांना दर दिवाळीला पत्र पाठवायची. माझ्यापासून लपवून, इतकी वर्षं.

मुलाचं घर जळगावात मेहरूणला, तलावाच्या जवळ. नाना तलावाच्या कठड्यावर बसले होते. चांगलेच थकलेले, पण पाठ ताठ. समोर पायडल मारायच्या रंगीत होड्या बांधून ठेवलेल्या. मला बघून ते उठायला लागले. "या पाव्हना, कवय उनात?"

जावयाला बघून ते अजूनही उठत होते. मी त्यांना खांदा धरून बसवलं. पिशवीतून झाकण काढलं, त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. भोक, पोकळी, सुस्कारा, रॉकेल, माझा अंगठा. सांगता सांगता रडू आलं, आणि या वयात चार लोकांत रडायची लाजही वाटली नाही. नाना झाकण उलटसुलट करून बघत होते. भोकातून त्यांनी एकदा फुंकर मारली.

मग म्हणाले, "माले काय सांगी ऱ्हायनात? मी डिझेल लिधं नही, हाई माले त ठाऊकच व्हतं."

मी विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत? टाकी धुवायला मीच सांगितलं होतं."

"तुम्ही गावना जवाई. बठ्ठा गावसमोर जवाईना शबद खाले पाडता येस का?"

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. बाजारभाव सांगावा तसं म्हटलं. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले, कारण जावयाने पाय धरायचे नसतात. मी म्हणालो, "नाना, मी काय करू ते सांगा."

"ज्यासले ठाऊक नही त्यासले सांगा," ते म्हणाले. "पन पहिले तुमनी अक्काले सांगनं व्हतं. ती देवाघर जाईसन तीन वरीस झायात. गावमा कोनी काय बोलनं, मी मनमाईन काढी टाकं. पन तीबी शेवटलगून इचारे. जवाई काय खोटं सांगी का, म्हने. राती जवळ बसीसन हळूच म्हने, खरं सांगा, थोडंसं तरी लिधं व्हतं का? मी कोनलेच सांगाव नही, म्हने."

झाकण त्यांनी माझ्या हातात परत दिलं.

मी गावी जाऊन आलो. त्या दिवशी काठावर असलेल्यांपैकी जे भेटले त्यांना सांगितलं. एक म्हणाला, "कोणती नाव?" दुसऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. भास्कर म्हणाला, "जाऊ द्या ना, भाऊजी, आता कोण विचारतंय." हा अंक त्या गावात वाचनालयात येतो, म्हणून इथे लिहितो. सुपडूनानांनी डिझेलचा एक थेंब घेतला नव्हता. चूक माझी होती, पहिल्या ठिपक्यापासून.

आता ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांगून झालं. अक्का राहिल्या.